दंडाला मार्क नसतात

बाबू, पोलीस भरतीच्या मैदानात दंडाला मार्क नसतात. सोळाशे मीटरला 20, शंभर मीटरला 15, गोळाफेकीला 15, झाले 50. छाती 79 सेंटिमीटर भरली पाहिजे आणि श्वास घेतल्यावर पाच सेंटिमीटर फुगली पाहिजे. ते फुगणं बरगड्यांचं आणि दमाचं काम आहे, स्टेरॉइडच्या इंजेक्शनानं येत नाही. सोळाशे मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत मारायचं तर दोन महिन्यांत अंगावर चढवलेलं आठ-दहा किलो वजनही तुलाच ओढत न्यावं लागतं. केळापूरच्या जगदंबेच्या देवळापासून पांढरकवड्याकडे पहाटे धावणारे पोट्टे पाहतो, तेव्हा त्यांना थांबवून हेच सांगावंसं वाटतं. सगळ्यांना थांबवता येत नाही, म्हणून तुझ्या कानात सांगतो.

मी आयुष्य मेडिकलच्या काउंटरमागे काढलं. गिऱ्हाईक नुसतं ‘स्टेरॉइड’ म्हणतं, पण त्या एका नावाखाली तीन वेगवेगळी औषधं विकली जातात.

पहिलं डेक्सामेथासोन. वजन वाढायच्या गोळ्या म्हणून भुकेच्या गोळीसोबत देतात. दम्याला, सुजेला डॉक्टर मोजून देतात तेव्हा ते जीव वाचवतं. पण तब्येत व्हावी म्हणून महिनोन्‌महिने खाल्लं तर चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं पोकळ होतात, आणि दंडा-मांडीचा स्नायू वाढायचा सोडून उलट झिजतो. घरात कुणी खूप दिवस खात असेल तर त्याला एका दिवसात बंद करायला लावू नको. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड थांबलेलं असतं, माणूस चक्कर येऊन कोसळतो. डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

दुसरं मेफेन्टरमीन. ऑपरेशनच्या टेबलावर पाठीत भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर तो वर आणायचं हे औषध. जिममध्ये जोर यावा म्हणून, धावण्याआधी दम टिकावा म्हणून टोचून घेतात. चांगल्या पोराचा रक्तदाब आणि ठोके गरज नसताना वर चढवायचे आणि वर त्याला ऊर फुटेस्तोवर पळवायचं, याहून मोठा अविचार मला माहीत नाही. यानं स्नायू एक तोळाही वाढत नाही.

तिसरं खरं अ‍ॅनाबॉलिक: टेस्टोस्टेरॉन, नॅन्ड्रोलोन, स्टॅनोझोलोल, मेथॅन्डिएनोन. यानं स्नायू वाढतो, ते मी नाकारत नाही. नाकारलं तर तू माझं पुढचं ऐकणार नाहीस.

मग ऐक. आपलं शरीर टेस्टोस्टेरॉन मोजून बनवतं. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी रक्तात ते किती आहे हे पाहते आणि त्याप्रमाणे वृषणांना हुकूम देते. बाहेरून टोचलं की तिला वाटतं भरपूर आहे, ती हुकूम देणं बंद करते. वृषणं आकसतात, वीर्यातले शुक्रजंतू कमी होत होत शून्यावरही येतात. बंद केल्यावर परत यायला काही महिने लागतात, कधी वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि काहींचं पूर्ण परत येत नाही. लग्नाला दोन वर्षं झाली, मूल नाही, सगळे बोटं दाखवतात सुनेकडे. अशा घरात नवऱ्यानं जिमच्या दिवसांत काय घेतलं ते आधी विचारावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर बाईच्या हार्मोनमध्ये बदलतं. त्यामुळे पोरांच्या छातीत गाठ धरते. ती गाठ जुनी झाली की औषध सोडूनही जात नाही, कापून काढावी लागते. तोंडानं घ्यायच्या गोळ्या यकृतावर बसतात, कावीळ होते. चांगलं कोलेस्टेरॉल खाली पडतं, वाईट वर जातं, रक्त घट्ट होतं, हृदयाची भिंत जाड होते. पंचविशी-तिशीतल्या पिळदार पोराला झटका येतो, तेव्हा लोक नशिबाला दोष देतात. आणि स्नायू झपाट्यानं वाढला तरी हाडाला बांधणारी दोरी, म्हणजे कंडरा, त्या वेगानं बळकट होत नाही. भारी वजन उचलताना ती तुटते, मग भरती कायमची राहते.

तुझ्या धाकट्या भावाला तर या वाऱ्यालाही उभं करू नको. कोवळ्या वयात हे औषध गेलं की हाडांची वाढीची टोकं लवकर बंद होतात आणि उंची तिथेच थांबते. पोलिसात मुलांना 165 सेंटिमीटर लागतात. मुलींनी घेतलं तर आवाज घोगरा होतो आणि तो मागे फिरत नाही.

आपल्या केळापूर तालुक्यात आणखी एक गोष्ट पाहायची. कोलाम, गोंड आणि इतर समाजांतही सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. नुसता वाहक असलेला पोरगाही उन्हात, कमी पाण्यावर, ताकदीबाहेर धावला तर कोसळू शकतो. वर उत्तेजक टोचलं तर विचारूच नको. सरकारी दवाखान्यात रक्ताची तपासणी करून घे, वाहक निघालास तर भरती सोडू नको. पाणी पीत राहा, मेहनत हळूहळू वाढव, आणि शिकवणाऱ्याला सांगून ठेव.

नरसिंग यादव माहीत असेल तुला. 2011 पासून सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. 2016 च्या रिओ ऑलिंपिकआधी त्याच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन सापडलं. माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं, असं तो म्हणाला, आणि आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेनं ते मानलंही. पण क्रीडा लवादानं मानलं नाही. कुस्तीच्या तोंडावर चार वर्षांची बंदी आली. खरं-खोटं मी ठरवणार नाही. मी त्यातून एवढंच घेतलं की अंगात काय गेलं याचा जाब खेळाडूलाच द्यावा लागतो. म्हणून उघड्या डब्यातली पावडर, दुसऱ्यानं घोळलेला शेक, लेबल नसलेली गोळी घेऊ नको. अ‍ॅनाबॉलिक औषधं शेड्यूल एचमध्ये येतात, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकताच येत नाहीत. जो जिममध्ये बॅगेतून काढून देतो, त्याच्या बाटलीत काय आहे ते त्यालाही माहीत नसतं. एका सुईवर दोघातिघांनी टोचलं तर एचआयव्ही आणि काविळीचे बी-सी विषाणू फुकटात येतात.

अंग भरायचं आहे ना? व्यायाम करणाऱ्याला किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात, म्हणजे 60 किलोच्या पोराला नव्वदेक ग्रॅम. शंभर ग्रॅम सोया वडीत पन्नासच्या वर असतात, एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत बावीस. तूर आणि सोयाबीन आपल्याच वावरात होतं. ज्वारीच्या भाकरीसोबत घट्ट वरण खा, भिजवलेले चणे, शेंगदाणे, दूध घे, रात्री आठ तास झोप. शरीर भरतं झोपेत. याला दोन महिने नाही, दोन वर्षं लागतात, आणि एवढा वेळ द्यायला तू तयार असावास.

आणि घेऊन झालं असेल तर माझ्यापासून लपवलंस तरी चालेल, डॉक्टरपासून लपवू नको. पांढरकवड्याच्या सरकारी दवाखान्यात रक्तदाब, ईसीजी, हिमोग्लोबिन, यकृत, किडनी, कोलेस्टेरॉल पाहून घे. हार्मोनच्या आणि वीर्याच्या तपासणीसाठी यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात विचार. सोडल्यावर काही आठवडे मन फार खचतं, कशातच रस राहत नाही, मरावंसंही वाटतं. त्याच दिवसांत पोरं पुन्हा सुई धरतात. तसं वाटलं तर मध्यरात्रीही टेली-मानसला 14416 वर फोन लाव, नाहीतर मला उठव. छातीत दुखलं, धाप लागली, डोळे पिवळे झाले तर सकाळची वाट पाहू नको. रिकामी बाटली फेकू नको, खिशात घालून सोबत ने. डॉक्टरला तिच्यावरचं नाव लागतं.