लेझर यंत्राची निगा : आधी प्लग, मग फडके



पालघर जिल्ह्यातल्या एका छोट्या कार्यशाळेत मी लेझर कोरीवकाम शिकवते. लाकडी पाट्या, किचेन, पेनस्टँड यांवर मुले-मुली आपली वारली चित्रे कोरतात. यंत्र कसे चालवायचे ते मुले दोन दिवसांत शिकतात. ते नीट राखायला शिकवायचे म्हणजे वेळ लागतो, कारण इथे चूक झाली तर आग लागू शकते, डोळे जाऊ शकतात.

आमचे यंत्र कार्बन डायऑक्साइड लेझरचे आहे. हा लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सी. कुमार एन. पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म बारामतीचा आणि शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले. हे सांगितले की मुलांना यंत्र परके वाटत नाही. पण याचा किरण डोळ्यांना दिसत नाही, हेही मी लगेच सांगते. म्हणून झाकण उघडे ठेवून यंत्र कधीही चालवायचे नाही.

सफाईचा आमचा क्रम असा :

१. यंत्र बंद करा आणि प्लग काढा. नळीला हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही आत काही काळ वीज साठून राहते. म्हणून मागचे दार मुलांनी उघडायचे नाही. ते काम तंत्रज्ञाचे.

२. खालची जाळी आणि तळाचा ट्रे रोज रिकामा करा. लाकडाचे बारीक तुकडे आणि चिकट काजळी साचली की एका ठिणगीने पेट घेते. धूर बाहेर नेणारा पंखा आणि पाइप यांतही हीच काजळी बसते, तोही साफ करा.

३. भिंग आणि आरसे गार झाल्यावर पुसा. हात धुऊन हातमोजे घाला, भिंग कडेने धरा. धूळ रबरी फुग्याने उडवा, तोंडाने फुंकू नका. मग लेन्स पुसायच्या कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब टाकून तो एकदाच हलकेच ओढा. घासू नका, प्रत्येक वेळी नवा कागद घ्या. मळके भिंग किरणाची उष्णता शोषून तडकते. पिवळसर भिंग बहुधा झिंक सेलेनाइडचे असते आणि त्याची पूड विषारी असते. फुटले तर उघड्या हाताने उचलू नका. अल्कोहोल पेट घेते, म्हणून ते पूर्ण वाळल्याशिवाय यंत्र सुरू करू नका.

४. नळीला गार ठेवणारे पाणी डिस्टिल्ड असावे. नळाच्या पाण्याने क्षार साचतात. तापमान साधारण १५ ते २५ अंश ठेवा. उन्हाळ्यात आम्ही टाकीत बर्फाच्या बंद बाटल्या सोडतो. पावसाळ्यात मात्र पाणी फार गार झाले तर दमट हवेमुळे नळीवर दव धरते. पाणी फिरत नसेल तर यंत्र लावायचेच नाही, काचेची नळी तडकते.

५. रुळांवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हलका हात द्या.

काम चालू असताना कुणीतरी यंत्राजवळ थांबलेच पाहिजे. चहालासुद्धा जायचे असेल तर आधी यंत्र बंद. शेजारी कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक हाताला येईल असे ठेवलेले असते.

आता एक विनंती आपल्यासाठी. भेटवस्तूंसाठी रेक्झिनच्या पर्सवर किंवा पीव्हीसीच्या कार्डावर नाव कोरून देण्याची मागणी येते. कृपया ती करू नका. पीव्हीसी जळले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो फुप्फुसे जाळतो आणि यंत्राचे धातूही गंजवतो. रेक्झिनमध्ये बहुधा पीव्हीसीच असते. आमची मुले अशा ऑर्डरला नम्रपणे नाही म्हणायला शिकली आहेत. आपण त्यांचे म्हणणे ऐकावे. लाकूड, बांबू किंवा जाड पुठ्ठा सांगा, ते आनंदाने करून देतील. आणि घाई करू नका. शेवटची अर्धी तास सफाईची असते, ती कुठल्याही ऑर्डरसाठी सोडली जात नाही.