घरच्या चुलीवरून डब्याच्या व्यवसायाकडे : हिशेबाचा एक पाठ

आपल्या बिदर-कलबुर्गी भागातील घरोघरच्या भगिनींना स्वयंपाक शिकविण्याचे धाडस आम्ही करणार नाही. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद किंवा आळंद येथील कोणत्याही घरात पातळ भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तुरीचे वरण यांत हात बसलेली एक तरी गृहिणी असतेच. तथापि त्या हाताच्या कसबावर घर चालवावयाचे ठरविले, की पुष्कळदा वर्षाच्या आतच उद्योग बंद पडतो. चव बिघडली म्हणून असे क्वचितच होते. बहुधा पैसा अडकतो आणि हिशेब राहत नाही. म्हणून त्या बाजूचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम आपल्या भागातीलच उदाहरण घेऊ. कलबुर्गी जिल्ह्यात महिला बचत गटांनी जिल्हा प्रशासनाच्या साहाय्याने ज्वारीची भाकरी ‘कलबुर्गी रोट्टी’ या नावाने बाजारात आणली. जून २०२५ मध्ये पंतप्रधानांच्या ‘मन की बात’ या भाषणात तिचा उल्लेख झाला, आणि रोज ३,००० हून अधिक भाकऱ्या होतात असे त्यात सांगण्यात आले. जी वस्तू आपण गरिबाचे अन्न म्हणून पाहुण्यांपुढे ठेवण्यास संकोचत होतो, तिलाच शहरात मागणी आहे, हा यातील पहिला धडा होय.

भाकरीचा विशेष गुण असा की तिचे दोन माल होतात. मऊ भाकरी त्याच दिवशी खपली पाहिजे. पातळ लाटून अथवा थापून, तीळ लावून, मंद आचेवर पूर्ण वाळविलेली कडक भाकरी मात्र ओल न लागल्यास कित्येक दिवस टिकते. नवशिक्या उद्योगास हा मोठा आधार आहे. कारण न खपलेला माल फेकावा लागत नाही. पीठ मात्र ताजे असावे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. उकळत्या पाण्याने पिठातील सत्त्व फुलते आणि तेच भाकरीला धरून ठेवते. जुन्या पिठाची विरी गेली की भाकरी चिरते. म्हणून स्वस्त मिळते म्हणून महिन्याचे पीठ एकदम दळून आणणे हा खोटा काटकसरीपणा ठरतो.

आता पैशाकडे वळू. मुंबईच्या गिरणगावात खानावळवाल्या बायका गिरणी कामगारांना महिन्याच्या हिशेबाने जेवू घालीत. कामगार पैसे देत पगार झाल्यावर. वाणसामान मात्र रोज लागे. ही मधली फट त्या उधारीने भरीत आणि व्याजात त्यांची कमाई जाई. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे काम हाती घेतले, ते हे दुखणे ओळखूनच.

आपल्या गावी हीच फट कशी पडते ते पाहा. समजा, एका भगिनीने दहा विद्यार्थ्यांचे डबे धरले. डब्यास ६० रुपये, महिन्याचे दिवस २६. रोजची जमा ६०० रुपये होते. धान्य, भाजी, तेल, गॅस आणि पोहोचविणे मिळून डब्यास ३८ रुपये लागले, तर रोजचा खर्च ३८० रुपये. पैसे महिनाअखेर मिळणार असतील, तर पदरचे ९,८८० रुपये आधी घालावे लागतात. त्याऐवजी पंधरवड्याचे १३ दिवसांचे ७,८०० रुपये आगाऊ घेतल्यास त्या दिवसांचा ४,९४० रुपये खर्च त्यातूनच भागतो आणि सावकाराचा उंबरा चढावा लागत नाही. आगाऊ मागण्यास भीड वाटते हे खरे. परंतु भिडेची किंमत शेवटी मुलांच्या फीतून जाते, हे ध्यानी असावे.

उरलेले २२० रुपये नफा नव्हे. त्यासाठी पाच तास राबावे लागत असेल, तर ती तासाला ४४ रुपये मजुरी झाली. आपल्या श्रमाची किंमत धरूनच दर ठरवावा. एक किलो पिठाच्या आपल्या हाताने किती भाकरी होतात, एका सिलिंडरवर किती दिवस निघतात, हे आठवडाभर वहीत लिहून मगच दर सांगावा. घरखर्चाची व व्यवसायाची वही आणि पेटी निराळी ठेवावी.

दर्जाविषयी लिज्जत पापडाची कथा बोधप्रद आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशी चारच पाकिटे झाली. आरंभी त्यांनी चांगला व हलका असे दोन प्रकार काढले होते. पण मार्गदर्शक छगनबापा पारेख यांनी दर्जात तडजोड न करण्याचा सल्ला दिला. पुढचा विस्तार सर्वांस ठाऊक आहेच.

काही नियम पाळणे अगत्याचे आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार घरून विक्री करणारासही नोंदणी लागते. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यास वापरता येत नाही. त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा. शिजलेले अन्न कोमट स्थितीत फार वेळ राहू देऊ नये. ६० अंशांहून गरम ठेवावे अथवा त्वरित थंड करावे. उन्हाळ्यात वरण व भात यांविषयी विशेष जपावे.

हंगामही ओळखावा. येळवशीला शेतात जाऊ न शकणारी कितीतरी घरे आता शहरात आहेत. भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे यांची मागणी आधी नोंदवून, निम्मे पैसे घेऊन, तेवढेच रांधावे.

महोत्सवाच्या या प्रसंगी आम्हांस एवढेच सुचवावेसे वाटते की, न्यासाने मोठी पातेली, पराती व वजनकाटा यांचा एक संच गरजू भगिनींसाठी ठेवावा, आणि सभासदांनी आपल्या घरच्या कार्याची पहिली मागणी त्यांच्याकडे नोंदवावी. तीही रोख पैसे देऊन. आपल्यांतील विधवा भगिनीस दिलेली साडी वर्षभर पुरते. वेळेवर दिलेले पैसे तिचा उद्योग उभा ठेवतात.