न बोललेली माया

घरभेटीत आया आम्हांला विचारतात, “फादर, माझ्या लेकाला माझी माया नाही का?”

ऑटिझमला आपण ‘स्वमग्नता’ म्हणतो आणि त्या शब्दानेच फसतो. असा माणूस स्वतःतच रमलेला, कोरडा, असे आपल्याला वाटते. वास्तविक अनेकांच्या मनात भावना दाटून येतात. त्यांना नाव देणे मात्र जमत नाही. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली दाखवून दिले, की गैरसमज दुहेरी असतो. त्यांना आपण कळत नाही, तसे आपल्यालाही ते कळत नाहीत.

मिठी न मारणारा लेक आईची चप्पल रोज जागेवर ठेवत असेल, तर तीही मायाच. म्हणून रुसून बसू नये. “मला वाईट वाटलंय, जवळ बस,” असे सरळ सांगावे आणि उत्तरासाठी थांबावे. आपण एवढे थांबतो का?