आधी कामाला हात लाव

चि. सोनूस,


परीक्षा संपली की तू आजी-आबांकडे गावी राहायला जाणार, हे वहिनीकडून कळलं. फार बरं वाटलं. त्यांच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करायचा तुझा बेतही चांगला आहे. पण नुसती समोर बसून "काहीतरी सांगा ना" म्हणालीस, तर आबा दोन वाक्यांत गप्प होतील. जन्मभर रानात राबलेली माणसं हाताला काम असलं की मोकळी बोलतात. तेव्हा तू आधी कामाला हात लाव.

मी माझ्या आजी-आजोबांकडून, म्हणजे तुझ्या पणजी-पणजोबांकडून, जे शिकले ते असंच. आपलं गाव नगरकडचं, रब्बीच्या ज्वारीचं. हस्ताचा पाऊस उघडला की गावभर पेरणीची घाई उडायची. तात्या, माझे आजोबा, मला रानात नेत, चार बोटं खोल माती उकरायला लावत आणि मुठीत दाबायला सांगत. मूठ उघडल्यावर गोळा हाताला चिकटला, तर अजून पेरणीजोगा वाफसा नाही. बोटानं टोचताच फुटला, तर पेरणीची पाभर जुंपायची. शेजारच्या रानात पेरणी चालू असली तरी तात्या मातीचंच ऐकत. मला पुढे नोकरीत, संसारात निर्णय घेताना ही सवय फार उपयोगी पडली. लोक काय करताहेत हे बघण्याआधी आपल्या हातातली माती बघावी.

बाईंचा, माझ्या आजीचा धडा दुष्काळातला. १९७२ साली विहिरी आटल्या. घरातली मोठी माणसं खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर जात. तिथं खायला सुकडी मिळे, घरी लाल मिलो ज्वारीची भाकरी. ती थापतानाच तुटायची. तेवढ्या ओढगस्तीतही राख नि कडुलिंबाचा पाला घालून लिंपून ठेवलेल्या बियाण्याच्या कणगीला बाईंनी हात लावू दिला नाही. पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि शेजारपाजारचे बियाणं मागायला आले. सावकार सवाई-दिढीनं, म्हणजे सव्वापट-दीडपट परत घेण्याच्या बोलीवर, देत असे. बाई अधोली शीग लावून भरून देत, आणि सुगीनंतर परत घेताना त्याच अधोलीवरून हात फिरवून सपाट मापून घेत. मी शेजारी पोत्याचं तोंड धरून उभी असे. देण्याघेण्यातली नीती मला कुणी वेगळी शिकवली नाही.

मात्र आमच्या त्याच अंगणात, विटाळ नको म्हणून, काही मजुरांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलेलंही मी पाहिलं आहे. आपली माणसं प्रेमळ होती म्हणून त्यांचं सगळंच बरोबर होतं, असं मानू नकोस. त्यांच्यावर माया कर, त्यांच्यातलं न्यायाचं ते घे, आणि अन्यायाचं होतं ते आपल्यापाशी संपव.

म्हणून सांगते, सकाळी आजीसोबत सूप घेऊन बस. आधी नीट पाखडायला शीक, प्रश्न मागाहून विचार. आबांबरोबर बांधावर जा. दुष्काळात ते कोणत्या तलावाच्या कामावर होते ते विचार, आणि जमलं तर तो तलाव बघून ये. अशाच कामांच्या अनुभवातून पुढे १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला. इतिहासाच्या पुस्तकात तो तू ओळीभर वाचला असशील, आबांनी त्यामागच्या कामांवर पाट्या वाहिल्या आहेत. आबा तेच ते पुन्हा सांगू लागले तर मध्येच तोडू नकोस, दुसऱ्या खेपेला एखादी नवी गोष्ट हमखास निघते.

रेकॉर्डिंग मला पाठव, पण त्याआधी एक पत्र लिही. आजी-आबांनी काय सांगितलं ते त्यात नसलं तरी चालेल. त्यांच्याकडून कोणतं काम तुझ्या हाताला आलं, ते मात्र सविस्तर लिही.

दोघांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
आत्या