ताणा लावण्याआधी

पैठण्या विणवून विकणाऱ्या माझ्या मामांच्या येवल्याच्या घरी माडीवर एक लोखंडी कपाट आहे. 2016 च्या पावसाळ्यापासून सव्वा वर्ष त्यात सात पैठण्या पडून होत्या. रंग माझ्या सांगण्यावरून घेतलेला, फिकट आणि किंचित राखाडी झाक असलेला गुलाबी. परदेशात फॅशन शिकायला निघालेल्या मुली माझ्याकडे कॉलेज कोणतं, फी किती, हे विचारायला येतात. मी त्यांना आधी त्या कपाटाची गोष्ट सांगते.

मी 2015 च्या सप्टेंबरात लंडनला गेले. विषय होता ट्रेंड फोरकास्टिंग, म्हणजे पुढे लोक कोणते रंग, कसलं कापड, किती घेर अंगावर घालतील याचा आधीच अदमास बांधणं. या धंद्याचं एक वेळापत्रक असतं. रंगांचा विचार साधारण दोन वर्षं आधी सुरू होतो. मग फ्लॉरेन्सच्या पिट्टी फिलाटीसारख्या जत्रेत सूत दिसतं. त्यानंतर पॅरिसच्या प्रीमिएर व्हिजनमध्ये कापड येतं. 1973 साली ल्योंच्या 15 कापड उत्पादकांनी मिळून ते प्रदर्शन सुरू केलं. रॅम्पवरचे कपडे दिसतात ते दुकानात येण्याच्या जेमतेम सहा महिने आधी. हे सगळं मला पहिल्या महिन्यातच तोंडपाठ झालं होतं. त्याचा अर्थ मात्र कळला नव्हता.

डिसेंबरात रंगांना नंबर देणाऱ्या पँटोन कंपनीनं 2016 या वर्षाचे रंग जाहीर केले. पहिल्यांदाच एकाच्या जागी दोन, फिकट गुलाबी आणि फिकट निळा. कॉलेजच्या लायब्ररीतून ट्रेंड रिपोर्ट वाचायला मिळत, त्यांत गुलाबी होता. मोबाइलवर गुलाबी होता, दुकानांच्या काचांमागे गुलाबी होता. चार ठिकाणी तेच दिसतंय म्हणजे ते पक्कं, असं मी धरून चालले. ती चार ठिकाणं एकमेकांकडे बघूनच बोलत होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. आणि रंग जाहीर होतो तोवर त्याचं कापड विणून, शिवून दुकानात पोचत आलेलं असतं, हेही. मी जानेवारीत मामांना फोन केला. म्हटलं, "पुढच्या लग्नसराईला हाच रंग चालेल, मोरपंखी-डाळिंबी आता पुरे." मामांनी एकदाच विचारलं, "नक्की ना गं?" मी नक्की म्हणाले.

त्यांनी ताणा म्हणजे उभे धागे आणि बाणा म्हणजे आडवे, दोन्ही त्याच रंगात रंगवून घेतले. इथेच पैसा अडकतो. हातमागावर एकदा ताणा लागला की त्यातून अनेक साड्या निघतात, मधेच मन बदलता येत नाही. साध्या पदराच्या पैठणीलाही महिना लागतो, आणि त्या प्रत्येक महिन्याची मजुरी विणकराला द्यावीच लागते.

पहिली साडी दुकानात उलगडली तेव्हा नवरीची आई म्हणाली, "नवी आहे ना ही? रंग उडाल्यासारखा वाटतो." पुढे वेगवेगळ्या तोंडून हेच वाक्य येत राहिलं. लंडनच्या ढगाळ उजेडात, सुती तुकड्यावर, तो रंग मऊ दिसला होता. एप्रिलच्या येवल्यात, उन्हात, चमकणाऱ्या रेशमावर तो पांढुरका पडला, आणि त्याच्यावर जरीचा काठही उठेना. शिवाय पैठणी घेताना नवरीसोबत आई, मावशी, आत्या, होणारी सासू अशा पाचजणी बसलेल्या असतात आणि पाचहीजणींचा होकार लागतो. मी वाचलेल्या रिपोर्टांमध्ये खरेदी करणारी बाई एकटी होती.

त्याच वसंतात कॉलेजात माझा मुख्य प्रकल्प तपासला गेला. चित्रांचे सुंदर फलक केले होते मी. आमच्या बाईंनी ते शांतपणे पाहिले आणि विचारलं, "हे अंगावर घातलेलं तू कुठे पाहिलंस? किती जणांच्या? त्या कोण होत्या?" मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. मी अख्खं वर्ष पडद्याकडे बघत काढलं होतं. बाई म्हणाल्या, शुक्रवारी पोर्टोबेलो रोडला जा, वही ने, कॅमेरा नको.

तिथे दर शुक्रवारी उड्डाणपुलाखाली जुन्या कपड्यांचे ठेले लागतात आणि फॅशनच्या धंद्यातली माणसं नमुने शोधत फिरतात. मी एका जागी तासभर उभी राहून मोजू लागले. किती जणींच्या पँटचा पाय रुंद, किती जणींचा चिकटलेला, अंदाजे वय काय, पायात काय. पुढच्या शुक्रवारी तीच जागा, तोच तास. पहिल्या दोन आठवड्यांत काहीच कळत नाही. सहाव्या-सातव्या आठवड्याला आकडे हलताना दिसतात आणि अंगावर काटा येतो. तुम्ही कुठेही शिकायला गेलात तरी हे पहिल्या आठवड्यापासून करा, आणि एक जागा श्रीमंत वस्तीतली तर एक स्वस्त बाजारातली निवडा. फरक त्या दोन वह्यांमध्ये सापडतो.

नोकरीचंही सांगते. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना मला आठवड्याला 20 तास काम करता येत होतं. मी ते कपड्यांच्या एका दुकानात, ट्रायल रूमच्या दाराशी केलं. त्या कामानं मला जे शिकवलं ते कुठल्याच वर्गात मिळालं नाही. बायका आत काय नेतात आणि बाहेर काय सोडून जातात, हे रोज हातात येत होतं. एक पिवळा झगा इतक्या जणींनी आत नेला की संपूनच जाईल असं वाटायचं, आणि जवळपास सगळ्या जणी तो हुकाला टांगून निघून जात. डोळ्यांना हवा होता, अंगाला नको होता. इच्छा आणि खरेदी यांच्यातलं हे अंतर ज्याला दिसतं, त्यालाच अंदाज बांधता येतो. जानेवारीच्या सेलमध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचे स्वस्तात काढलेले ढीगही असेच वाचा. तो प्रत्येक ढीग म्हणजे कुणातरी पगारी जाणकाराचा चुकलेला अंदाज असतो.

मोठमोठ्यांचेही चुकतात. 1970 साली अमेरिकेतल्या कपडे-व्यवसायाच्या सर्वांत वजनदार वृत्तपत्रानं, विमेन्स वेअर डेलीनं, मिनी गेली, आता पोटरीपर्यंतचा मिडी स्कर्ट, असा धोशा लावला. दुकानदारांनी माल भरला. बायकांनी निषेधाचे गट काढले, पुष्कळ जणी सरळ पँटकडे वळल्या आणि मिडी दुकानांत पडून राहिला. हे वाचताना मला माडीवरचं कपाट दिसत होतं.

मामांनी 2017 च्या दिवाळीआधी सातही पैठण्या मजुरीसुद्धा सुटणार नाही अशा भावात काढून टाकल्या. त्याच डिसेंबरात अभिनेत्री अनुष्का शर्मानं इटलीत स्वतःच्या लग्नात फिकट गुलाबी लेहेंगा घातला. काही महिन्यांत मुंबई-पुण्याच्या मुली येवल्यात येऊन फिकट रंगातली पैठणी मागू लागल्या. म्हणजे रंग मी बरोबर ओळखला होता. वेळ ओळखली नव्हती, आणि तो आधी कोणाच्या दारात जाईल तेही. जेम्स लेव्हर नावाच्या अभ्यासकानं 1937 साली एक तक्ता मांडला होता: तोच पोशाख वेळेच्या 10 वर्षं आधी अश्लील वाटतो, वर्षभर आधी धाडसी, मग देखणा, आणि वर्ष उलटलं की गबाळा. वर्गात तो तक्ता मी उतरवून घेतला होता. पण आधी पोचलेला माल कोणाच्या घरात, किती दिवस, कोणाच्या पैशावर थांबतो, हा रकाना त्यात नाही.

म्हणून शिकत असताना घरच्यांना धंद्याचा सल्ला देऊ नका. अदमास तारीख घालून वहीत लिहा आणि दोन हंगाम थांबून पडताळा. रंगाचा नंबर टिपा, रंगाऱ्याशी बोलायला तो लागतो. शेजारी आपला शब्दही लिहा, वांगी, अबोली, चिंतामणी. नंबर जगभर सारखा असतो, आपला शब्द मात्र तो रंग आपल्याकडे कुणाच्या ओळखीचा आहे हे सांगतो. लायब्ररीतल्या रिपोर्टांचा लॉगिन कोर्स संपला की बंद होतो, तेव्हा टिपणं वेळेत काढा.

अलीकडेच मामांचा फोन आला. पुण्याची एक मुलगी हिरवट राखाडी रंग मागून गेली, घ्यावा का? मी विचारलं, अशा किती जणी आल्या, आणि सोबत कोण होतं? मामा म्हणाले, "तिघी. दोघींच्या आया बरोबर होत्या, त्यांनाही आवडला." मी म्हटलं, ताणा आहे तोच चालू द्या, एका साडीला फक्त बाणा त्या रंगाचा घाला. बाणा साडीगणिक बदलता येतो. फसला तर एकच साडी जाईल.

ती साडी आता मागावर आहे.