जुन्या मोटारीचें इंजिन : दुरुस्ती, पुनर्बांधणी कीं बदल?

मोटार ही वस्तु आतां आपल्या भागांत चैनीची राहिलेली नाहीं. लातूर-नांदेड रस्त्यावरील आपल्या चाकूरहून दूध, भाजीपाला, रुग्ण, विद्यार्थी आणि लग्नाचीं वऱ्हाडें यांची ने-आण तीच करते. पुष्कळ घरांत ती दुसऱ्या अगर तिसऱ्या हातून आलेली असते, आणि घरचें उत्पन्न तिच्यावर अवलंबून असतें. अशा गाडीचें इंजिन थकलें म्हणजे एक कठीण प्रश्न दारांत उभा राहतो : पन्नास हजार रुपये गाडींत घालावे, कीं मुलीच्या लातूर येथील शिक्षणासाठीं राखून ठेवावे? याचें उत्तर बहुधा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून किंवा त्राग्याच्या भरांत दिलें जातें. वास्तविक हा पदार्थविज्ञान व अंकगणित यांचा प्रश्न आहे. शाळेंत शिकलेले हे दोन विषय घरच्या उपयोगीं कसे पडतात, हें दाखविणें हाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम तीन शब्दांचे अर्थ नीट समजून घेऊं. दुरुस्ती म्हणजे बिघडलेला भाग शोधून तेवढाच बदलणें. बाकीचें इंजिन जसेंच्या तसें राहतें. पुनर्बांधणी म्हणजे इंजिन गाडींतून उतरवून सर्व सुटें करणें, प्रत्येक भाग मोजणें, झिजलेले भाग घासून अगर बदलून तें पुन्हां बांधणें. यालाच मिस्त्री लोक ‘फुल इंजिन काम’ म्हणतात. बदल म्हणजे जुनें इंजिन काढून त्या जागीं दुसरें बसविणें.

हे तीन मार्ग आपल्या जिल्ह्याला अपरिचित नाहींत. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपानें लातूर व तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हाहाकार उडविला, त्या वेळीं घरांविषयीं हाच प्रश्न उभा राहिला होता. ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. कांहीं गांवांतील घरें आहे त्याच ठिकाणीं नव्यानें बांधण्यांत आलीं. आणि जेथें हानि कमी होती तेथें घरांची दुरुस्ती व मजबुती करण्यांत आली. सर्वांना एकच उपाय लावला नाहीं. आधीं हानि पाहिली, मग मार्ग ठरविला. इंजिनाच्या बाबतींतही हाच क्रम पाळावयाचा असतो.

आतां इंजिन थकतें म्हणजे नेमकें काय होतें? पेट्रोलच्या इंजिनांत सिलिंडरच्या आंत पिस्टन खालीं-वर होत असतो. त्याच्या चार धांवा असतात : हवा व इंधन आंत ओढणें, तें मिश्रण दाबणें, ठिणगीनें पेटलेल्या वायूच्या जोरानें खालीं जाऊन शक्ति देणें, आणि जळलेला वायु बाहेर टाकणें. डिझेलच्या इंजिनांत केवळ हवाच दाबली जाते. ती इतकी तापते कीं फवारलेलें इंधन ठिणगीवांचून पेटतें. दोहोंतही सारें सामर्थ्य दाबावर अवलंबून असतें. हा दाब तीन वाटांनीं गळतो : पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरची भिंत यांच्यामधून, व्हॉल्व्हच्या बैठकींतून, किंवा हेड व ब्लॉक यांच्यामधील गॅस्केटमधून. याखेरीज क्रँकचीं बेअरिंगें झिजतात. मग तेलाचा दाब उतरतो आणि इंजिनाच्या तळांतून ठोके ऐकूं येऊं लागतात.

ही गळती बाहेरून ओळखण्याच्या कांहीं खुणा आहेत. निळसर धूर दिसला तर तेल जळत आहे असें समजावें. काळा धूर इंधन जास्त जातें किंवा हवा कमी मिळते हें सांगतो. तेथें इंजिन खोलण्यापूर्वीं हवेची जाळी आणि इंधनाची व्यवस्था तपासावी. थंडीच्या सकाळीं थोडा पांढरा धूर दिसला तर भिण्याचें कारण नाहीं, ती वाफ असते. पण पेट्रोलची गाडी तापल्यावरही तो थांबेना आणि रेडिएटरचें पाणी वरचेवर कमी होऊं लागलें, तर पाणी सिलिंडरांत शिरत असण्याचा संभव फार. तेलाला दूध घातलेल्या चहाचा रंग आला, तर त्यांत पाणी मिसळलें आहे.

परंतु खुणा म्हणजे निदान नव्हे. निदानासाठीं दाब मोजावा लागतो, आणि त्याचें साधन चांगल्या गॅरेजमध्यें मिळतें. पेट्रोलच्या निरोगी इंजिनांत दर चौरस सेंटिमीटरला सुमारें १० ते १३ किलोग्रॅम दाब मिळतो. नेमका आंकडा त्या गाडीच्या पुस्तकांत पाहावा. समजा, चार सिलिंडरांचे आंकडे १२, १२, ७ व १२ असे आले. तिसऱ्या सिलिंडरांत चमचाभर तेल सोडून पुन्हां मोजावें. दाब ११ पर्यंत चढला, तर तेलानें रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजविल्या असें ठरतें. म्हणजे दोष रिंगांत अगर सिलिंडरच्या भिंतींत आहे. तो ७ वरच राहिला, तर दोष वरच्या बाजूस, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट येथें आहे. पहिल्या प्रकारांत इंजिन पूर्ण खोलावें लागण्याचा संभव असतो. दुसऱ्यांत हेडच्या कामावर भागतें. एका चमचा तेलाची ही परीक्षा कित्येक हजार रुपयांचा निष्कारण खर्च वांचवूं शकते. म्हणून मोजल्यावांचून इंजिन खोलण्यास संमति देऊं नये.

पुनर्बांधणीलाही मर्यादा असते. झिजलेला सिलिंडर लेथवाल्याकडे बोअर करून त्यांत ०.२५ अगर ०.५० मिलिमीटर मोठा पिस्टन बसवितात. क्रँकही तसाच घासून त्याला कमी मापाचीं बेअरिंगें घालतात. प्रत्येक खेपेस धातु कमी होत जातो, आणि शेवटीं घासण्यास जागा उरत नाहीं. कांहीं ब्लॉकांत नवा लायनर बसवितां येतो, सर्वांत नव्हे. ॲल्युमिनियमचें हेड एकदां भलतेंच तापलें कीं वांकतें. तें सपाट करतां येतें, पण तेंही मर्यादेपर्यंतच. यास्तव पूर्वीं किती मापापर्यंत काम झालें आहे हें विचारून लेखी घ्यावें.

बदलाचा मार्ग वरवर सोपा वाटतो, पण जुन्या बाजारांतून आणलेल्या इंजिनाचा पूर्वेतिहास आपणांस ठाऊक नसतो. एका थकलेल्या इंजिनाच्या जागीं दुसरें थकलेलें इंजिन येण्याचा धोका असतो. म्हणून त्याचाही दाब मोजून घ्यावा. शिवाय इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकांत लिहिलेला असतो. इंजिन बदललें तर पावती जपून ठेवून परिवहन कार्यालयांत नोंद बदलून घ्यावी लागते. क्रमांक खोडलेलें किंवा कागदपत्रें नसलेलें इंजिन कितीही स्वस्त मिळालें तरी घेऊं नये. वेगळ्या जातीचें इंजिन बसविणें तर मोठें काम आहे. ॲम्बॅसडर गाडीला १९९२ सालीं इसुझु जातीचें १.८ लिटरचें इंजिन मिळालें, आणि बाहेरचें रूप पुष्कळसें तेंच राहिलें. परंतु तें काम कारखान्यानें केलें होतें, रस्त्याकडेच्या दुकानानें नव्हे.

आतां अंकगणिताकडे वळूं. पुढील आंकडे केवळ उदाहरणासाठीं घेतले आहेत. हेडच्या दुरुस्तीस १८,००० रुपये लागतात व गाडी आणखी २०,००० किलोमीटर चालेल. पुनर्बांधणीस ५५,००० रुपये लागतात व इंजिन ८०,००० किलोमीटर चालेल. जुनें इंजिन बसविण्यास ४५,००० रुपये लागतात व तें ३०,००० किलोमीटर चालेल. भागाकार केला असतां दर किलोमीटरला अनुक्रमें ९० पैसे, ६९ पैसे व दीड रुपया पडतो. मग पुनर्बांधणी सर्वांत स्वस्त, असें कोणीही म्हणेल.

येथेंच बहुतेकांचा हिशेब चुकतो. इंजिन ८०,००० किलोमीटर चालेल. पण गाडी चालेल काय? तिची चासी गंजली आहे, गिअरबॉक्स आवाज करीत आहे, सुटे भाग मिळेनासे झाले आहेत, आणि ती फार तर ३०,००० किलोमीटर टिकेल, असें समजा. मग ५५,००० ला ८०,००० नें नव्हे, तर ३०,००० नें भागावें लागतें, आणि उत्तर १ रुपया ८३ पैसे येतें. आतां १८,००० रुपयांची साधी दुरुस्तीच शहाणपणाची ठरते. नियम असा : इंजिनाचें आयुष्य व गाडीचें उरलेलें आयुष्य यांपैकीं जें कमी, त्यानेंच खर्चाला भागावें.

हा नियम किती खरा आहे हें मुंबईच्या टॅक्सीवरून कळतें. आपल्या शेजारच्या सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतील पद्मिनी मोटारीचें इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचें व रचनेनें साधें. मुंबईच्या मिस्त्रींना तें हाताच्या तळव्यासारखें परिचित होतें. परंतु टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा होती. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं झाली होती. म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. समजा, तिच्या मालकानें २०२२ च्या ऑक्टोबरांत इंजिन नव्यासारखें बांधून घेतलें असतें, तर इंजिन कितीही उत्तम बांधलें असलें तरी त्या खर्चाला भागण्यास हातीं एकच वर्ष उरलें असतें. खासगी मोटारीची नोंदणीही पंधरा वर्षांची असते. पुढें तपासणींत उतरल्यास ती पांच-पांच वर्षांसाठीं वाढवून मिळते. यासाठीं मोठा खर्च करण्यापूर्वीं नोंदणीपुस्तकांतील तारीख अवश्य पाहावी.

आणखी एक गोष्ट. “आजवर हिच्यांत इतके पैसे घातले, आतां कशी सोडावी?” असें पुष्कळदां म्हटलें जातें. गेलेला पैसा या हिशेबांत धरावयाचा नसतो, कारण कोणताही निर्णय घेतला तरी तो परत येत नाहीं. आज हातीं असलेले रुपये व पुढें मिळणारे किलोमीटर एवढेंच मोजावें. गाडी आहे तशी विकून दुसरी घेण्याचा मार्गही त्याच तागडींत तोलावा; मात्र दुसरी गाडीही जुनीच असेल, तर तिच्याही इंजिनाची परीक्षा तीच. आणि ब्रेक व स्टिअरिंग धड नसतील, तर इंजिनाचा विचार मागाहून करावा. गाडी चालण्यापेक्षां ती वेळेवर थांबणें अधिक महत्त्वाचें आहे.

शेवटीं, हा प्रश्न लांबणीवर टाकणें पुष्कळसें आपल्याच हातीं आहे. आपल्याकडील बोअरच्या जड पाण्यानें रेडिएटरांत खार धरतो व इंजिन तापूं लागतें. म्हणून शुद्ध पाणी व कूलंट यांचें ठराविक मिश्रणच घालावें. काळ्या मातीची धूळ हवेच्या जाळींतून आंत गेली, तर ती रिंगांना पॉलिशकागदासारखी घासते. म्हणून उन्हाळ्यांत जाळी वेळेआधींच पाहावी. तापमानाचा कांटा वर चढला कीं गाडी तत्काळ उभी करावी. घरीं एक वही ठेवून तींत तेल केव्हां बदललें, किती किलोमीटरवर कोणतें काम झालें व किती खर्च आला, हें लिहावें. विद्यार्थ्यांनो, हें काम तुम्हीं आपल्या अंगावर घ्या. पुढें केव्हां तरी वडील गॅरेजमधून चिंतेनें परत येतील, त्या दिवशीं ती वही त्यांच्यापुढें ठेवून त्यांच्याशेजारीं बसून भागाकार करा. त्या संध्याकाळीं कुटुंबाचे पन्नास हजार रुपये कोणीकडे जावेत, हें ठरविण्यास तुमच्या वहींतील आंकडे उपयोगीं पडतील.