गोणीतला हिरडा, कागदावरचा आकडा



आपल्या चामोर्शी तालुक्यात आवळा, हिरडा, बेहडा गोळा करणाऱ्या बाया पुष्कळ. त्रिफळा चूर्ण याच तीन फळांचं. मोठा खरेदीदार आता माल हातात घेऊन भाव सांगत नाही, "टेस्ट रिपोर्ट आहे का?" असं विचारतो. त्या रिपोर्टात काय असतं, ते आज समजून घेऊ.

वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं. लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकलं तर लवकर काळवंडत नाही, कारण लिंबातला आंबटपणा आणि क जीवनसत्त्व ते थोपवतात. हवेतल्या ऑक्सिजनमुळे होणारी अशी खराबी रोखणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. आवळा, हिरडा, बेहडा या तिन्हींत गॅलिक आम्ल नावाचा असा पदार्थ असतो. पण फळात तो इतर शेकडो पदार्थांत मिसळलेला असतो. मग मोजायचा कसा? आधी वेगळा करायचा.

बैठकीत करून पाहा

पांढऱ्या खडूवर खालून एक बोट सोडून काळ्या स्केचपेनची रेघ गोल ओढा. बशीत थोडं पाणी घेऊन खडू उभा करा. रेघ पाण्याच्या वर राहू द्या. पाणी चढेल तसे काळ्या शाईतले रंग वेगवेगळ्या उंचीवर जातील. हीच क्रोमॅटोग्राफी. मिखाईल त्स्वेत या रशियन शास्त्रज्ञाने साधारण १२० वर्षांपूर्वी काचेच्या नळीत खडूची पूड भरून पानांतले रंग असेच वेगळे केले होते.

यंत्रात काय होतं?

प्रयोगशाळेत फळांच्या भुकटीचा अर्क काढतात आणि एचपीएलसी यंत्रात बारीक पूड भरलेल्या नळीतून दाबाने सोडतात. प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळी बाहेर पडतो आणि कागदावर एकेक शिखर उमटतं. आधी शुद्ध गॅलिक आम्ल सोडून त्याची वेळ आणि शिखराचं क्षेत्रफळ पाहून ठेवलेलं असतं. त्याच्याशी आपलं शिखर ताडून पाहतात.

समजा, शुद्ध द्रावणात मिलिलिटरला १०० मायक्रोग्राम होतं आणि आपलं शिखर त्याच्या ६० टक्के आलं. म्हणजे आपल्या अर्कात ६० मायक्रोग्राम. १ ग्रॅम भुकटीचा १०० मिलिलिटर अर्क केला असेल, तर एका ग्रॅममागे ६ मिलिग्राम. (आकडे फक्त उदाहरणासाठी.)

आपल्या हातात काय?

रिपोर्ट गोणीचा नसतो, पाठवलेल्या मूठभर नमुन्याचा असतो. म्हणून:

१. प्रत्येक गोणीतून वरून, मधून, खालून माल घ्या. एकत्र करून ढिगाचे चार भाग पाडा. समोरासमोरचे दोन भाग ठेवा. नमुना लहान होईपर्यंत असंच करा.

२. दोन पाकिटं सील करा. एक पाठवा, एक गटाकडे ठेवा. उद्या वाद झाला तर तोच पुरावा.

३. पाकिटावर फळाचं नाव, गाव, तोडणीची तारीख आणि कसं वाळवलं ते लिहा. ओला माल वजन वाढवतो, आकडा उतरवतो. म्हणून रिपोर्टात ओलावा किती, तेही विचारा.

४. बुरशी लागलेलं फळ वेगळं काढा. आवळ्यातलं क जीवनसत्त्व उष्णतेने आणि हवेने कमी होतं. वाळवलेला माल कोरड्या, बंद डब्यात ठेवा.

आणखी एक. आकडा चांगला आला म्हणून मार्कंड्याच्या जत्रेतल्या स्टॉलवर "मधुमेह बरा होतो" असं पाकिटावर छापू नका. यंत्र पदार्थ मोजतं, रोग बरा होण्याची हमी देत नाही. आणि १९५४ च्या कायद्याने अशा जाहिरातीला बंदी आहे.

पुढच्या बैठकीला खडू आणि स्केचपेन घेऊन या बरं का!